लावलेले वन

शहरात राहणाऱ्या माणसाचा वनाशी संबंध बहुधा दोनच ठिकाणी येतो. एक सहलीत आणि दुसरा सुताराकडे. सहलीत तो झाड पाहतो, सुताराकडे फळी पाहतो. परंतु झाडाची फळी होईपर्यंत मध्ये जी वर्षे जातात त्यांत कोणी काय केले, याचा विचार त्याच्या मनात सहसा येत नाही. आज आम्हांला त्या मधल्या वर्षांविषयीच बोलावयाचे आहे.

यंत्राचा सुटा भाग ज्या लाकडी खोक्यातून येतो त्या खोक्याची एखादी फळी हातात घेऊन पाहावी. ती बहुधा फिकट पिवळसर आणि वजनाला हलकी असते. तिच्यावर जागोजाग तपकिरी गाठी असतात आणि एखादी गाठ निसटून तेथे आरपार भोक पडलेले असते. ही फळी पुष्कळदा पाइनची असते. आपल्या हिमालयात ज्याला चीड म्हणतात त्याच्याच कुळातील हे झाड. गेल्या काही दशकांत न्यूझीलंडमधून पाइनचे ओंडके जहाजांनी कांडला बंदरात उतरले आणि तेथील करवतींखालून निघून देशभर पसरले. त्या दूरच्या देशात हे झाड रानात आपोआप उगवलेले नाही; एकेक रोप माणसाने हाताने लावलेले आहे. लाकडासाठी वन लावणे म्हणजे काय, याचा धडा घ्यावयाचा तर त्या देशाकडून घ्यावा, कारण तेथे यश आणि चूक दोन्ही मोठ्या प्रमाणावर झाली आहेत.

न्यूझीलंडला मुळात लाकडाची वाण नव्हती. तेथे कौरीचे प्रचंड वृक्ष होते. काहिकाटिआ नावाचे एक झाड होते. त्याच्या लाकडाला वास नाही, म्हणून इंग्लंडला जाणारे लोणी त्याच्याच पेट्यांत भरले जाई. पण वापर चालूच राहिला आणि शतका-शतकांनी वाढणारी ही झाडे माणसाच्या घाईला पुरेनात. १९१३ साली तेथील सरकारने नेमलेल्या वनविषयक आयोगाने धोक्याची घंटा वाजवली आणि परदेशी, लवकर वाढणारी झाडे लावण्याचा मार्ग दाखवला. १९१९ साली स्वतंत्र वनखाते निघाले आणि १९२५ पासूनच्या दहा वर्षांत लागवडीची लाट आली.

जमीनही जणू वाट पाहत होती. उत्तर बेटाच्या मध्यभागी ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाचे, प्यूमिसचे, विस्तीर्ण पठार आहे. तेथे गुरे सोडली की ती खात खातच खंगून मरत. या जमिनीत कोबाल्ट हा धातू पुरेसा नाही आणि त्याच्या अभावी गुरे मरतात, हे १९३०च्या दशकात कळले. तोपर्यंत शेतकऱ्यांनी नाकारलेली ही भूमी वनखात्याकडे आली होती. आरंभी कैद्यांनी आणि पुढे मंदीच्या काळात बेकारांनी तेथे रोपे लावली. काइंगारोआ नावाचे अफाट वन असे उभे राहिले.

लावले कोणते झाड? रेडिएटा पाइन. त्याचे माहेर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील तीन छोट्या जागा आणि मेक्सिकोची दोन बेटे, एवढेच. मूळ भूमीवर त्याचा विस्तार काही हजार हेक्टर असेल आणि लाकडासाठी तेथे त्याला फारशी प्रतिष्ठा नाही. तेच झाड दक्षिण गोलार्धात गेले आणि पंचवीस-तीस वर्षांत तीस-पस्तीस मीटर उंच होऊ लागले. न्यूझीलंडमध्ये आज सतरा-अठरा लाख हेक्टर लागवडीचे वन आहे. त्यातील दहा भागांपैकी सुमारे नऊ भाग या एकाच जातीचे आहेत.

आता हे पीक घेतात कसे ते पाहू. वसंतात रोपवाटिकेच्या वाफ्यात बी पेरतात. पाइनच्या मुळांना एका प्रकारच्या बुरशीची सोबत लागते. ही बुरशी मुळांभोवती राहून जमिनीतील स्फुरद आणून देते व मोबदल्यात झाडाकडून साखर घेते. ज्या देशांत पाइन पूर्वी कधी नव्हता तेथे पहिली रोपे पिवळी पडून खुरटत. जुन्या पाइनखालची मूठभर माती वाफ्यात मिसळली की ती उठून बसत. रोपे वाढीला लागली की मातीखालून पाते फिरवून त्यांची मुळे कापतात. हे ऐकून दया येईल. परंतु मूळ कापल्याने बारीक तंतुमुळांचा झुबका तयार होतो आणि उघड्या रानात तोच रोपाला तारतो. पुढच्या हिवाळ्यात रोप रानात जाते. पहिली दोन-तीन वर्षे गवत आणि झुडपे यांच्यापासून त्याचे रक्षण करावे लागते. येथवर आपल्या शेतकऱ्याला नवे असे काही नाही.

नवे पुढे आहे. हेक्टरी सुमारे हजार रोपे लावतात आणि अखेर तोडीला ठेवतात ती अडीचशे ते चारशे. बाकीची मधल्या वर्षांत आपल्याच हाताने कापून टाकावयाची असतात. या कामाला विरळणी म्हणतात आणि लावलेल्या वनाचे सारे भवितव्य तिच्यावर अवलंबून असते.

याचे कारण सोपे आहे. एका हेक्टरावर पडणारे ऊन आणि पाऊस ठरलेला असतो, म्हणून तेथे तयार होणारे एकूण लाकूडही बरेचसे ठरलेले असते. ते हजार काठ्यांत वाटावयाचे की तीनशे बुंध्यांत, एवढेच माणसाच्या हाती आहे. हजार काठ्यांचे सरपण होते. तीनशे बुंध्यांच्या फळ्या होतात. मग आरंभीच तीनशे का लावू नयेत? कारण झाडे दूर दूर असली की प्रत्येकाला भरपूर ऊन मिळून फांद्या जाडजूड होतात, आणि जाड फांदी म्हणजे फळीत मोठी गाठ. शिवाय हजारांत निवडीला वाव असतो. वाकडे, दुशेंडी, रोगट झाड काढून सरळ झाड राखता येते. म्हणून दाटीने लावावे आणि वेळेवर विरळावे, असा हा नियम आहे. त्यातील ‘वेळेवर’ हा शब्द सर्वांत अवघड.

न्यूझीलंडने तो शब्द एकदा विसरून पाहिला. लाटेच्या काळात झाडे सहा-आठ फुटांवर लावली गेली. त्यानंतर बारीक लाकडाला गिऱ्हाईक नव्हते. पुढे महायुद्ध आले आणि माणसेही मिळेनात. विरळणी राहून गेली. वन दुरून हिरवेगार दिसत होते, पण आत प्रत्येक झाड शेजाऱ्याच्या गळ्याला हात घालून उभे होते. १९४०च्या दशकाच्या मध्यास कोरडी वर्षे आली आणि सायरेक्स नावाच्या माशीने संधी साधली. विसाव्या शतकाच्या आरंभी ओंडक्यांतून युरोपातून आलेली ही माशी. ती खोडात भोक पाडून अंडी घालते आणि त्यांबरोबर विषारी द्रव व एक बुरशी आत सोडते. जोमदार झाड तेथे राळ ओतून तिला बुडवते; गुदमरलेले, तहानलेले झाड मात्र हार खाते. काही वर्षांत हजारो हेक्टर वनात झाडे लाल पडून मेली. काही विभागांत चारांतले एक, क्वचित त्याहूनही अधिक. मेलेली झाडे बहुतांशी दाटीत मागे पडलेली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. माणसाने टाळलेली विरळणी माशीने केली, पण माशी काही सरळ झाडे निवडून मागे ठेवीत नाही आणि मेलेले लाकूड गिरणीत पोचते करीत नाही. पुढे माशीचे शत्रू आणून सोडले. तिच्या मादीला वांझ करणारा एक सूक्ष्म कृमी १९६२ साली तेथेच सापडला. तरीही वनरक्षकांनी घेतलेला मुख्य बोध वेगळा होता: निरोगी अंतरावर उभे असलेले झाड हेच पहिले औषध.

१९६८ साली फेंटन आणि सटन या दोन वनशास्त्रज्ञांनी याच्याही पुढचे पाऊल सुचवले. विरळणीचे लाकूड विकले जाईल म्हणून वाट पाहू नका; झाडे लहान असतानाच नको ती कापून जागीच पडू द्या आणि राखलेल्या झाडांची छाटणी करा, असे त्यांचे म्हणणे. कापलेले लाकूड कुजू द्यावयाचे, हे पुष्कळांच्या पचनी पडले नाही. परंतु हिशोब त्यांच्या बाजूचा होता. बारीक काठीचे चार पैसे मिळावेत म्हणून पाच वर्षे थांबले, तर मुख्य बुंध्याची पाच वर्षांची जाडी गमावली जाते.

छाटणीचे मर्म समजून घेण्यासाठी पुन्हा त्या खोक्याच्या फळीकडे येऊ. गाठ म्हणजे खोडाने गिळलेली फांदी. फांदी जिवंत असताना खोड वाढले तर तिचे तंतू खोडात मिसळतात आणि गाठ घट्ट बसते. फांदी वाळून गेल्यावर खोड तिच्याभोवती वाढले तर ती नुसती खुंटीसारखी अडकून राहते. लाकूड सुकले की निसटते. रेडिएटा पाइन आपल्या वाळक्या फांद्या लवकर टाकीत नाही, म्हणून हे काम माणसाला करावे लागते. साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापासून आठव्या-नवव्या वर्षापर्यंत दोन-तीन खेपांत जमिनीपासून सुमारे सहा मीटर उंचीपर्यंतच्या फांद्या खोडालगत कापतात. एका खेपेस फार कापल्या तर झाडाची पाने जाऊन वाढ खुंटते. उशीर केला तर गाठाळ भाग जाड होतो. वेळेवर छाटलेल्या झाडात वीतभर जाडीच्या गाभ्यातच काय त्या गाठी राहतात आणि त्याभोवती पुढील वीस वर्षे स्वच्छ, बिनगाठीचे लाकूड चढत जाते. त्याला भाव येतो तो दारा-खिडक्यांसाठी. न छाटलेले झाड खोके होते. दोन्ही झाडे एकाच दिवशी लावलेली असू शकतात.

मग तोड कधी? येथेही घाई नडते. झाडाच्या पहिल्या दहाएक वलयांचे लाकूड हलके आणि कमजोर असते, सुकताना पिळवटते. बळकट लाकूड त्यानंतर बाहेरून चढते. पंधराव्या वर्षी तोडलेला बुंधा दिसण्यात मोठा असला तरी तो बहुतांश कोवळाच असतो. म्हणून पंचवीस-तीस वर्षे थांबतात. तोडल्यावरही काम संपत नाही. हे लाकूड उघड्यावर ठेवले तर लवकर कुजते. ते भट्टीत सुकवून, दाबाने औषध पाजून मगच घराला किंवा कुंपणाला वापरतात.

या विषयाची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८८ साली ‘बोला’ नावाच्या चक्रीवादळाने न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील उघड्या टेकड्या कोसळल्या. गुरांसाठी रान तोडलेल्या त्या टेकड्यांची माती धरून ठेवावी म्हणून तेथे पाइन लावण्यास सरकारने पैसा दिला. हेतू उत्तम होता आणि झाडे उभी होती तोवर माती टिकलीही. पण पीक म्हटले की कापणी आलीच. पंचवीस-तीस वर्षांनी तोड सुरू झाली. एकदम मोठमोठे पट्टे उघडे पडले. जुनी मुळे कुजलेली आणि नव्या रोपांची मुळे अद्याप न रुजलेली, अशी काही वर्षे टेकडीला कोणीच वाली नसतो. त्यातच शेंडे, फांद्या, निकामी ओंडके उतारावर पडलेले. २०१८च्या जूनमधील पावसात आणि पुन्हा २०२३च्या फेब्रुवारीत ‘गॅब्रिएल’ वादळात हा सारा लगदा नद्यांतून खाली आला. त्याने पूल तोडले, शेते गाडली, समुद्रकिनारे लाकडांनी भरून टाकले. सरकारला चौकशी नेमावी लागली. झाड लावण्याच्या दिवशीच ते कसे तोडावयाचे आणि ही जागा तोडीची आहे काय, हे ठरवले पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे. तीव्र उताराला कायमचे वन हवे असते. त्याला पीक सोसत नाही.

आपण पाइन लावणार नाही हे खरे. महाराष्ट्राचे झाड साग. परंतु धडा तोच आहे. १९९०च्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून येत असत. एकरी इतकी झाडे, वीस वर्षांनी प्रत्येकाचे इतके हजार रुपये, आणि खाली गुणाकार. शहरातील पुष्कळ लोकांनी त्या गुणाकारावर विश्वास ठेवून पुंजी घातली आणि ती परत पाहिली नाही. त्यात लबाडी किती होती ती असो. पण हिशोबच मुळात चुकलेला होता. आपल्या वनखात्यात दोन-दोन मीटरांवर, म्हणजे हेक्टरी २५०० साग लावण्याची रीत आहे, आणि त्यांतील अगदी थोडे अखेरपर्यंत राखावयाचे असतात. शिवाय वीस वर्षांच्या सागात ज्यासाठी साग घ्यावयाचा तो गाभाच पुरता भरलेला नसतो. लावलेल्या प्रत्येक झाडाची किंमत मोजणाऱ्याला वनाची ओळखच झालेली नाही.

म्हणून लागवडीची बातमी ऐकली, मग ती शाळेची असो, सरकारची असो की एखाद्या कंपनीची, तर किती रोपे लावली एवढ्यावर समाधान मानू नये. त्यांतील कोणती काढणार, केव्हा काढणार आणि ते काम करावयास दहाव्या वर्षी कोण तेथे असणार, हे विचारावे. पहिल्या दिवशी फोटो काढावयास सर्वजण येतात. वन घडते ते त्यानंतर, कोयता आणि कुऱ्हाड घेऊन शांतपणे रांगांतून फिरणाऱ्या माणसाच्या हातून; आणि त्याने काय केले याची साक्ष तीस वर्षांनी सुताराच्या रंध्याखाली निघते.