चिपचा शेअर की बॅटरीचा धंदा? सोलापूरच्या व्यापाऱ्याने पैसा कोठे घालावा

सध्या बाजारात दोन शब्दांची चलती आहे. एक सेमीकंडक्टर, म्हणजे चिप, आणि दुसरा बॅटरी. हातात थोडीफार शिल्लक असलेला आपला व्यापारी विचारतो की या दोहोंत पैसा घालावा काय, आणि घालायचा तर कोणत्या कंपनीचा शेअर घ्यावा. आमच्या मते प्रश्नाचा दुसरा भागच घात करणारा आहे.

आधी चिपचे पाहू. इन्व्हर्टर दुरुस्त करणारा कारागीर रोज जे मॉस्फेट बदलतो, तोही सेमीकंडक्टरच होय. वस्तू ओळखीची आहे, परंतु ती बनविणे हा आपल्या आवाक्यातला मामला नव्हे. गुजरातेत धोलेरा येथे टाटा आणि तैवानची पॉवरचिप मिळून जो कारखाना उभारत आहेत, त्याचा खर्च ९१ हजार कोटी रुपये आहे. त्यास केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली. अशा कारखान्याच्या खर्चाचा निम्मा भार सरकार उचलते, कारण एवढा पैसा घालून इतकी वर्षे थांबणे एकट्या उद्योगपतीलाही जड जाते. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने या कामासाठी ७६ हजार कोटींची योजना जाहीर केली, ती याच हेतूने.

आपल्या महाराष्ट्राचा अनुभव तर अधिकच बोलका आहे. वेदांत-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार म्हणून गाजला. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातेत गेला, केवढे राजकारण झाले! आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच अंग काढून घेतले. ज्यावरून भांडलो ते ना इकडे आले, ना तिकडे उभे राहिले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये तळोजा येथील अदानी आणि इस्रायलच्या टॉवर कंपनीच्या प्रकल्पाला राज्याने मान्यता दिली, आणि २०२५ मध्ये ती बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. घोषणेवर भरवसा ठेवून तळेगाव-तळोजाकडे जमिनीत पैसा अडकविणाऱ्याची गत काय झाली असेल, ते ज्याने त्याने ताडावे.

शेअर बाजारात याहून नवल घडले. आरआरपी सेमीकंडक्टर या कंपनीचा शेअर एप्रिल २०२४ मध्ये २० रुपयांच्या आसपास होता, तो २०२५ च्या अखेरीस अकरा हजारांपर्यंत पोहोचला. कंपनीने स्वतःच शेअर बाजाराला कळविले होते की चिप बनविण्याचे कोणतेही काम आपण अद्याप सुरू केलेले नाही. शेवटी बाजाराने त्या शेअरचे सौदे आठवड्यातून एका दिवसापुरते बांधून टाकले. नावात 'सेमीकंडक्टर' असणे आणि कारखान्यात सेमीकंडक्टर असणे यांत किती अंतर असते, ते यावरून कळावे. याला गुंतवणूक म्हणत नाहीत, सट्टा म्हणतात. आणि सट्ट्याबाबत आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता बॅटरी. ही मात्र सोलापूरच्या दारात आलेली गोष्ट आहे.

आपल्या शहरात १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आहे. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातील झडपांची उघडझाप करणारा दांडा. देश-विदेशातील मोटार कंपन्यांना तो सोलापुरातून जातो, आणि चादर-टॉवेलच्या गावाला यंत्राच्या कामाचे नाव मिळाले त्यात या कारखान्याचा वाटा मोठा आहे. पण बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत इंजिन नाही, झडपा नाहीत, म्हणून कॅमशाफ्टही नाही. कंपनीच्या चालकांनी हे वेळीच ओळखले. २०१८ मध्ये त्यांनी हॉलंडमधील विजेचे ट्रक बनविणाऱ्या इमॉस कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेतला आणि इकडे छोट्या मालवाहू गाड्या विजेवर चालविण्याचे किट तयार करण्याचे काम हाती घेतले. तरीही शेअरधारकाला धीर धरावाच लागला. २०१६ मध्ये १८६ रुपयांना विकलेला हा शेअर २०२० च्या पडझडीत ५० रुपयांच्याही खाली गेला होता, नंतर तो सावरला. चांगली कंपनी, दूरदृष्टीचे चालक, आणि तरी ही गत! मग ऐकीव माहितीवर घेतलेल्या शेअरचे काय?

बॅटरीचे भाव पाहिले म्हणजे याचे कारण उलगडते. जगात लिथियम बॅटरीच्या पॅकचा सरासरी भाव २०२३ मध्ये एका किलोवॅट-तासाला १३९ डॉलर होता. २०२४ मध्ये तो ११५ आणि २०२५ मध्ये १०८ डॉलरवर आला. जगातील तीन-चतुर्थांशाहून अधिक सेल चीनमध्ये बनतात, आणि त्यांच्याशी भावात टक्कर देणे आपल्या मोठ्या कंपन्यांनाही कठीण जात आहे. २०२१ मध्ये सरकारने सेलच्या कारखान्यांसाठी १८,१०० कोटींची सवलत जाहीर केली. पण ज्यांना ती मिळाली त्यांची कामे ठरल्या वेळेच्या फार मागे पडली. भाव उतरतो तेव्हा सेल बनविणारा मार खातो. पण तीच बॅटरी विकत घेणारा, बसविणारा आणि दुरुस्त करणारा मात्र फायद्यात राहतो, कारण गिऱ्हाईक वाढते. आपला माणूस नेमका या दुसऱ्या बाजूला उभा आहे.

लोडशेडिंगच्या वर्षांत इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरीवर किती दुकाने उभी राहिली, हे आठवावे. तो माल शिसे आणि तेजाबाचा होता. पाणी भरणे, चार्जिंगला लावणे आणि जुनी बॅटरी वजनावर घेणे, एवढ्यावर धंदा चाले. लिथियमचा कारभार वेगळा आहे. यात सेलच्या जोडीला बीएमएस नावाची पाटी असते. कोणता सेल जास्त भरला, कोणता तापला, हे ती पाहते आणि वेळ आली की प्रवाह तोडते. या पाटीवर चिप असते, म्हणजे चिपचा धंदा आपल्या दुकानात येतो तो असा. बंद पडलेल्या पॅकमध्ये पुष्कळदा सारे सेल बाद नसतात. एखादा सेल किंवा पाटीच गेलेली असते. ते ओळखणारा कारागीर आज प्रत्येक गावाला हवा आहे. ज्या घरात मुलगा आयटीआय झालेला आहे, तेथे चांगली मोजमापाची साधने आणि योग्य प्रशिक्षण यांवर घातलेला पैसा कोणत्याही शेअरपेक्षा बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र कायदा समजून घ्या. २०२२ साली विजेच्या स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले. गल्लीत जोडलेला, तपासणी न झालेला पॅक गाडीत बसवून देणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या आणि स्वतःच्याही जिवाशी खेळ होय. भंगारवाल्यांनी २०२२ चे बॅटरी कचरा नियम जरूर वाचावेत. शिशाबरोबर लिथियमचीही जुनी बॅटरी त्यात आली असून, माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. परसात भट्टी लावून शिसे काढणे आता बेकायदा आहेच. शिवाय ते विष घरातल्या लेकरांच्या रक्तात जाते, हे वेगळेच.

साठा किती करावा? थोडा. भाव उतरत्या मालाचा साठा करून कोणी श्रीमंत झालेला नाही, आणि लिथियमचा सेल न वापरता पडून राहिला तरी म्हातारा होतो. त्यातच पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियमवर चालणाऱ्या बॅटरीचे तंत्र जाहीर केले आहे. ते बाजारात रुजले तर आजचा मालच मागे पडेल. जीएसटीचेही ध्यानात ठेवावे: सप्टेंबर २०२५ पासून शिशाच्या बॅटरीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर, म्हणजे लिथियमच्या बरोबरीला आला. सबब इन्व्हर्टरचा जुना धंदा इतक्यात बंद होणार नाही, तो चालू ठेवूनच नवे काम शिकता येईल.

ज्यांना शेअरच घ्यायचे आहेत त्यांनी कंपनीवर कर्ज किती आणि कारखाना सुरू आहे की कागदावर, या दोन गोष्टी ताळेबंदात पाहाव्यात. व्याजाचा विचार करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी शरिया निर्देशांक आहे. फार कर्ज घेतलेल्या कंपन्या त्यातून गाळल्या जातात, आणि बॅटरी-चिपच्या नव्या कारखान्यांना तर कर्जाचीच भूक मोठी असते. ओळखीच्या कारागिराच्या दुकानात नफा-तोट्याच्या भागीदारीने पैसा घालणे हा मार्गही खुला आहे. फक्त भागीदारीचा कागद वकिलाकडून करून घ्यावा आणि हिशोब दर महिन्याला पाहावा.