मुंबईहून गेलेला निबंध

१८४५च्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीकडे मुंबईहून एक हस्तलिखित पोहोचलं. लेखक होता एडिंबराचा जॉन जेम्स वॉटर्स्टन. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांना शिकवायला तो १८३९ मध्ये मुंबईत आला होता. वय चौतीस, नावामागे ना विद्यापीठाचं अध्यापकपद, ना कीर्ती.

त्या काळी अनेकांच्या लेखी उष्णता हा एक वजनरहित, अदृश्य द्रव होता आणि वायूचे कण एकमेकांना रेटत आपापल्या जागी टिकून राहत. वॉटर्स्टनच्या निबंधात मात्र हे कण सुसाट धावत होते. भांड्याच्या भिंतींवर त्यांचा जो अखंड मारा होतो तोच दाब, आणि त्यांच्या धावण्यातली ऊर्जा म्हणजेच उष्णता. एका परीक्षकानं शेरा मारला की हा निव्वळ मूर्खपणा आहे, सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही. मार्च १८४६ मध्ये निबंध वाचला गेला खरा, पण छापला गेला तो फक्त सारांश.

आज बारावीचे विद्यार्थी वायूंच्या गतिज सिद्धांताची गृहीतकं पाठ करतात. वायू असंख्य रेणूंचा बनलेला असतो आणि एकाच वायूचे रेणू एकसारखे असतात. ते सर्व दिशांनी, कशाही रीतीनं सतत फिरतात. भांड्याच्या मानानं रेणूंचं स्वतःचं आकारमान नगण्य. टक्कर सोडली तर त्यांच्यात ना ओढ, ना दुरावा. आणि टकरी पूर्णतः स्थितिस्थापक, म्हणजे एकूण गतिज ऊर्जा तसूभरही घटत नाही.

यातलं शेवटचं गृहीतक सर्वांत धाडसी. कॅरमच्या सोंगट्या दोन-चार टकरींत थंडावतात. रेणूंचं तसं झालं असतं, तर बंद बाटलीतली हवा थोड्याच वेळात तळाशी साचली असती.

वॉटर्स्टन आणखी पुढे गेला होता. वायूंच्या मिश्रणात जड रेणू सावकाश आणि हलके वेगानं धावतात, पण दोघांची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच भरते, हे त्यानं ओळखलं. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या सोळापट जड, म्हणून त्याचा वेग सुमारे एक चतुर्थांश.

युरोपात हा विचार रुजला तो जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझियुसच्या १८५७च्या लेखानंतर. लगेच डच हवामानशास्त्रज्ञ बाइस बालो यानं अडचण काढली. रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावत असतील, तर जेवणाचा वास खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायला वेळ का लागतो? क्लाउझियुसनं १८५८ मध्ये उत्तर दिलं: रेणू सरळ जातच नाही, पावलोपावली धडकतो. आजच्या हिशेबानं आपल्या भोवतीच्या हवेतल्या घन सेंटिमीटरभर जागेत पंचविसावर अठरा शून्यं इतके रेणू असतात. दोन टकरींमधलं अंतर भरतं मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. फोडणीचा वास शेजारी पोहोचतो तो अशा अब्जावधी धक्क्यांतून वाट काढत, आणि बराचसा वाऱ्याच्या झुळकीवर बसून.

पण या उत्तरानं एका गृहीतकाला चिमटा काढला. रेणू खरोखर बिंदूवत असते, तर एकमेकांवर आदळलेच नसते. म्हणजे आकारमान नगण्य असलं, तरी शून्य नव्हे. १८७३ मध्ये व्हॅन डर वाल्सनं लायडनच्या प्रबंधात रेणूंचा आकार आणि त्यांच्यातली ओढ, दोन्ही समीकरणात घेतली. ओट्याखालच्या सिलिंडरमधला गॅस दाबाखाली द्रवरूपात राहतो, तो या ओढीमुळेच. गृहीतकं तंतोतंत पाळणारा वायू कितीही दाबला तरी द्रव झाला नसता.

वॉटर्स्टन १८५७ मध्ये नोकरी सोडून स्कॉटलंडला परतला. जून १८८३ मध्ये एकदा घराबाहेर पडला, तो पुन्हा कोणाला दिसलाच नाही. पुढे ध्वनिशास्त्राचे जाणकार लॉर्ड रॅले यांना त्याच्या ध्वनीवरच्या एका जुन्या लेखात या निबंधाचा उल्लेख सापडला. १८९१ मध्ये त्यांनी सोसायटीच्या दप्तरातून मूळ हस्तलिखित शोधून काढलं आणि पुढच्या वर्षी आपल्या प्रस्तावनेसह छापून घेतलं. वाचन झालेला निबंध लेखकाला परत द्यायचा नाही, असा सोसायटीचा नियम होता. वॉटर्स्टननं स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती, त्यामुळे त्याला तो दुसरीकडे छापता आला नाही. त्याच नियमामुळे ते कागद पंचेचाळीस वर्षं दप्तरात शाबूत राहिले.