ब्रुगमॅन्सियाची गुलाबी फुले उन्हाळ्यात पांढरी का पडतात?

गुलाबी फुलांचे झाड म्हणून हौसेने आणलेल्या ब्रुगमॅन्सियाला ऐन उन्हाळ्यात जवळजवळ पांढरी फुले आली, की रोप चुकीचे मिळाल्याची शंका हमखास घेतली जाते. काही जण असे झाड उपटून टाकतात, तर काही जण त्याच्या नावाची पाटी बदलतात. पुष्कळदा मात्र दोष रोपाचाही नसतो आणि विक्रेत्याचाही नसतो. त्याच झाडावर थंडीच्या दिवसांत उमलणारी फुले पुन्हा गुलाबी होऊ शकतात. या वनस्पतीच्या फुलांचा रंग ठरवण्यात आनुवंशिकतेइतकाच हवामानाचाही वाटा असतो.

ब्रुगमॅन्सिया ही धोत्र्याच्या कुळातील वनस्पती असून तिचे मूळ स्थान दक्षिण अमेरिका आहे. अठराव्या शतकात लिनियस याने तिची गणना धोत्र्यातच केली होती. पुढे १८०५ मध्ये पेर्सून याने तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती निर्माण केली आणि डच निसर्गवैज्ञानिक ब्रुगमन्स यांच्या सन्मानार्थ तिला हे नाव दिले. धोत्र्याची फुले वर तोंड करून उमलतात, तर ब्रुगमॅन्सियाची लांबलचक कर्ण्यासारखी फुले फांदीवरून खाली लोंबतात. भारतात निलगिरी, कोडाईकनाल आणि दार्जिलिंग यांसारख्या थंड डोंगराळ भागांत ती चांगली रुजली आहे. अलीकडे मैदानी शहरांतील बागांतही तिची लागवड होते आणि रंगाविषयीच्या तक्रारी प्रामुख्याने तेथेच उद्भवतात.

वय आणि हवामान यांतील फरक

रंगबदलाचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे फुलाचे वय. महाराष्ट्रातील अनेक अंगणांत दिसणाऱ्या मधुमालतीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, नंतर गुलाबी होते आणि अखेरीस लाल होते. ब्रुगमॅन्सियाच्या अनेक वाणांतही असेच घडते. कळी उमलताना फूल पांढरट किंवा फिकट पिवळसर असते आणि पुढील दोन-तीन दिवसांत त्यावर गुलाबी अथवा जर्दाळूसारखी छटा चढते. या प्रजातीतील एका जातीला ‘व्हर्सिकलर’, म्हणजे रंग पालटणारी, असे नाव मिळाले ते याच गुणामुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे हा रंग चढत असतानाचे हवामान. फुलांतील गुलाबी, लाल आणि जांभळ्या छटा सामान्यतः अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतात, तर पिवळ्या आणि केशरी छटांमागे बहुधा कॅरोटिनॉइड असतात. अँथोसायनिन तयार होण्यासाठी पेशीतील अनेक विकरांना क्रमाने काम करावे लागते. तापमान वाढले, की ही विकरे घडवणाऱ्या जनुकांची क्रियाशीलता मंदावते आणि आधीच तयार झालेले रंगद्रव्यही अधिक वेगाने विघटित होते. गुलाब, शेवंती आणि पेटुनिया यांसारख्या फुलांतही उष्णतेमुळे रंग फिका पडल्याचे आढळते.

रात्रीच्या तापमानालाही येथे महत्त्व आहे. दिवसा प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेली शर्करा रंगद्रव्याच्या निर्मितीला उपयोगी पडते. उबदार रात्री श्वसन वाढून ही शर्करा अधिक प्रमाणात खर्च होते, तर थंड रात्री ती शिल्लक राहते. शिवाय उष्ण हवेत फूल लवकर उमलते आणि लवकर गळते, त्यामुळे रंग चढण्यास पुरेसा अवधीच मिळत नाही. उटीसारख्या सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या ठिकाणी गडद दिसणारे फूल समुद्रकिनाऱ्यावरील दमट शहरात फिके पडते, त्यामागे ही कारणे आहेत.

भारतातील शेतकऱ्यांना हे तत्त्व अपरिचित नाही. हिमाचल प्रदेश आणि काश्मीरमधील सफरचंदांवर लाली येण्यास थंड रात्री साहाय्यभूत ठरतात. नाशिकच्या द्राक्ष उत्पादकांना मात्र याच प्रक्रियेचा फटका बसतो. कडाक्याच्या थंडीत हिरव्या द्राक्षांचे मणी गुलाबी पडतात आणि निर्यातीसाठीचा माल नाकारला जातो.

ऊन, पाऊस आणि माती

अँथोसायनिनच्या निर्मितीला प्रकाशाचीही गरज असते. त्यामुळे दाट सावलीत किंवा दीर्घकाळ ढगाळ हवेत फुलांचा रंग उठावदार होत नाही. याउलट दुपारचे प्रखर ऊन पाकळ्यांचे तापमान वाढवते. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा ब्रुगमॅन्सियाला मानवते ती म्हणूनच. बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन आणि नियमित पाणी दिल्यास उष्णतेचा ताण कमी होतो. मात्र केवळ पाणी देऊन मे महिन्यात डिसेंबरचा रंग आणता येत नाही.

पावसाने रंग धुऊन जातो, हा समज बरोबर नाही. अँथोसायनिन पाण्यात विरघळणारे असले, तरी ते पेशींच्या आत बंदिस्त असते. जोरदार पावसाने नाजूक पाकळ्यांना इजा होऊन त्यांवर तपकिरी डाग पडतात, ही गोष्ट वेगळी. हायड्रेंजियाचे फूल आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियमच्या प्रभावाने निळे होते. ब्रुगमॅन्सियात तशी अदलाबदल होत नाही, त्यामुळे रंगासाठी मातीत निरनिराळी रसायने मिसळण्यात अर्थ नाही.

घाई का नको?

या प्रश्नाला बागेच्या कुंपणापलीकडचे महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ब्रुगमॅन्सियाच्या सातही जाती ‘वन्य अवस्थेत नष्ट’ या वर्गात नोंदल्या आहेत. त्यांच्या बिया दूरवर नेणारे प्राणी फार पूर्वीच लोप पावले असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी फांद्या लावून ही झाडे पिढ्यान्‌पिढ्या जपली. आज जगभरात दिसणारी ब्रुगमॅन्सिया मानवी लागवडीतील किंवा त्या लागवडीतून पसरलेली आहे. अशा वनस्पतीच्या बाबतीत बागेतील पाटी हीच तिच्या वंशाची नोंद ठरते. एका उन्हाळ्याच्या रंगावरून झाड टाकून दिले अथवा त्याचे नाव बदलले, तर एखादा वाण किंवा त्याची ओळख कायमची हरवू शकते.

म्हणून झाडाची पारख करताना समान वयाच्या फुलांची तुलना करावी. फूल उमलल्याचा दिवस, त्याचा रंग आणि त्या सुमाराचे दिवसरात्रीचे तापमान लिहून ठेवावे आणि किमान दोन हिवाळे वाट पाहावी. फांदीपासून वाढवलेले रोप आनुवंशिकदृष्ट्या मूळ झाडासारखेच असते, त्यामुळे थंड हवेत त्याचा रंग मूळ झाडाशी जुळायला हवा. बियांपासून वाढवलेल्या रोपाबाबत तशी खात्री देता येत नाही.

हाताळताना मात्र सावधगिरी आवश्यक आहे. झाडाच्या सर्व भागांत स्कोपोलामाइन आणि ॲट्रोपिन ही विषारी द्रव्ये असतात. छाटणीनंतर न धुतलेला हात डोळ्याला लागला तरी बाहुली विस्फारून दृष्टी काही काळ धूसर होऊ शकते. लहान मुले आणि पाळीव जनावरे पोहोचणार नाहीत, अशाच ठिकाणी हे झाड लावणे श्रेयस्कर.