‘वाचनालयात जाऊन येते’

‘वकिलाकडे जाऊन येते’ असं सांगून आपल्यापैकी किती जणींना घराबाहेर पडता येतं? चार प्रश्न, आठ शंका! पण ‘पुस्तक बदलून येते’ म्हटलं, की कुणी मान वर करूनही बघत नाही. मैत्रिणींनो, लहान गावात ही केवढी मोठी सोय आहे!

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. गावोगावच्या या वाचनालयांतून आपण कादंबऱ्या नेतो, दिवाळी अंक नेतो. कायद्याचं कपाट मात्र स्पर्धा परीक्षेच्या मुलांचं, असं आपणच ठरवून टाकलंय.

खरं तर घोडं अडतं ते कोर्टाच्या कितीतरी आधी. भाऊ हक्कसोड पत्र पुढे करतो आणि बहीण मुकाट्यानं सही करते. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा २००५ च्या दुरुस्तीनं दिला. दुरुस्तीच्या आधी वडील वारले असले तरी केवळ तेवढ्यानं तो बुडत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. सहीपूर्वी एवढं वाचलेलं असलं तर? सही करायची की नाही, हे मग तिचं तिनं ठरवावं. पण ठाऊक असून ठरवावं.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदाही असाच. घर नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून बायकोला रात्री-अपरात्री बाहेर काढता येत नाही. तक्रार नोंदवायला संरक्षण अधिकारी असतात. आणि वकिलाची फी? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन करायचा.

पुस्तक हातात घेतलं, की आधी आवृत्तीचं साल बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. सासरच्या छळाचं ४९८-अ आता कलम ८५ झालंय. पोटगीचं १२५ नागरिक सुरक्षा संहितेत १४४ म्हणून सापडेल. जुनं पुस्तक असेल तर नवं मागवायला सांगा.

ग्रंथपाल म्हणजे वकील नव्हे. त्यांच्याकडे सल्ला मागू नका. पुस्तक, अर्जाचा नमुना, कार्यालयाचा पत्ता मागा. आणि हो, गाव लहान असतं, पुस्तकाची नोंद वहीत होते. नको असेल तर तिथेच बसून वाचा, टिपून घ्या.

अडचण आहे ती वेळेची. बऱ्याच ठिकाणी वाचनालय सकाळ-संध्याकाळ उघडं आणि नेमकं दुपारी बंद, जेव्हा आपल्याला जरा उसंत मिळते! दहा-बारा जणींनी मिळून सह्यांचं पत्र द्या: आठवड्यातली एक दुपार बायकांसाठी उघडी ठेवा आणि महिन्यातून एकदा विधी सेवा समितीच्या वकिलांना तिथे बोलवा. कायद्याची माहिती देणारी शिबिरं घेणं हे समितीचं कामच आहे. जागा तुमच्या वाचनालयाची द्या.