घरी येणारा कार्यकर्ता आणि संशोधनाचा पैसा

२००९ आणि २०१० या दोन वर्षांत सातारा, गोवा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम इथे स्किझोफ्रेनियाचे २८२ रुग्ण एका चाचणीसाठी निवडले गेले. चाचणी नव्या गोळीची नव्हती. डॉक्टरांचे उपचार सगळ्यांनाच चालू होते. त्यांतल्या १८७ जणांच्या घरी मात्र प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता नियमित जात असे. तो डॉक्टर नव्हता, नर्सही नव्हता. आजार म्हणजे काय हे घरच्यांना समजावणे, गोळ्या चुकू न देणे, रुग्णाला पुन्हा कामाला लावण्यासाठी धडपडणे, सरकारी सवलतीचे कागद पुरे करणे, हे त्याचे काम.

वर्षभराने मोजमाप झाले. घरभेटींच्या गटात लक्षणे आणि अपंगत्व दोन्ही थोडे अधिक कमी झाले होते. फरक माफक होता, आणि तो ठळक दिसला कांचीपुरममध्ये, जिथे आधीच्या सोयी सर्वांत तुटपुंज्या होत्या. समाजाकडून मिळणारी हेटाळणी आणि घरच्यांवरचा भार मात्र फारसा हलला नाही. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे सारे छापले, अपयशासकट. मला या चाचणीचे मोल त्यातच वाटते: पुढच्या संशोधकाला कुठे खणायचे ते कळले.

या कामात साताऱ्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर, गोव्याची ‘संगाथ’ व चेन्नईची ‘स्कार्फ’ या संस्था आणि लंडनचे संशोधक एकत्र आले. पैसा ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा.

प्रयोगशाळेतही एकट्याने काही होत नाही. स्किझोफ्रेनियात एक जनुक दोषी नसते. शेकडो ठिकाणचे बारीक बदल थोडा थोडा धोका वाढवतात, आणि इतका बारीक परिणाम दिसायला प्रचंड संख्या लागते. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ७६ हजारांहून अधिक रुग्णांचे नमुने होते, त्यातून जनुकसंचातल्या २८७ जागा हाती लागल्या. पण नमुने बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांचे, काही पूर्व आशियातले. आपल्या लोकांचे रक्त त्यात जवळपास नाहीच. बेंगळुरूची निमहान्स ही संस्था आता आपल्याकडच्या अनेक रुग्ण असलेल्या कुटुंबांच्या रक्तपेशींपासून मूलपेशी बनवून अभ्यास करते आहे. औषधांत १९५२ च्या क्लोरप्रोमॅझीनपासून सगळी भिस्त मेंदूतल्या डोपामाइन या रसायनावर होती. २०२४ मध्ये अमेरिकेत डोपामाइनऐवजी मस्कारिनिक ग्राहींवर काम करणारे स्किझोफ्रेनियाचे पहिले औषध मंजूर झाले. वेगळी वाट सापडायला सत्तर वर्षे लागली.

आता घरभेटींची गरज आपल्या मीरा-भाईंदर शहरात किती आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ८ लाख ९ हजार होती. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार हजार प्रौढांमागे चौघांना स्किझोफ्रेनिया किंवा त्यासारखा तीव्र आजार असतो. सर्वेक्षण १२ राज्यांत झाले, त्यात महाराष्ट्र नव्हता. तरी तोच दर धरला तर एवढ्या एका शहरात दोन हजारांहून अधिक रुग्ण निघतात. त्यांच्यासाठी मोठे सरकारी मनोरुग्णालय म्हणजे ठाण्याचे, १९०१ सालचे. घोडबंदर रस्त्याने तिथे जाऊन यायचे म्हणजे घरातल्या कुणाचा तरी दिवसाचा रोजगार बुडतो. घरी येणारा कार्यकर्ता हवा तो अशाच ठिकाणी.

पण साताऱ्यातले उत्तर इथे जसेच्या तसे चालेल, असे मी म्हणणार नाही. अकरा महिन्यांच्या कराराने घर बदलणारा भाडेकरू कार्यकर्त्याला पुन्हा सापडायचा कसा? मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी बोलणाऱ्या घरांत एकच माहितीपत्रक कसे पुरेल? आई-वडील थकल्यावर रुग्णाचे पुढे काय? हे इथेच, इथल्या कुटुंबांना सोबत घेऊन तपासावे लागेल.

त्यासाठी लागणाऱ्या पैशाकरता लंडनकडेच पाहायला नको. कॅनडातल्या कॅल्गरीत संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारातून शिकून १९९७ मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली आणि ‘देवराई’ चित्रपटामागेही तेच उभे राहिले. एक कुटुंब एवढे करू शकते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला सांगितले आहे. महापालिकेने, एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने आणि अशा कंपन्यांनी मिळून पाच वर्षांची एक चाचणी इथे उभी करावी, आणि ती आखताना रुग्णांना व त्यांच्या शुभंकरांना, म्हणजे त्यांची काळजी घेणाऱ्यांना, पहिल्या बैठकीपासून बसवावे. तुमच्या घरी हा आजार असेल, तर कुणी संशोधक संमतिपत्र घेऊन आला की त्याला परत पाठवू नका. सगळे प्रश्न विचारा, आणि पटले तर सही करा.