अद्रकीकडून मेंदूला किती आशा?

जागतिक अल्झायमर दिन दरवर्षी सप्टेंबरात येतो. वनस्पतींतल्या घटकांनी मेंदूच्या पेशी वाचतात, अशा बातम्या त्यानिमित्त पुन्हा फिरू लागतात. हळद, ब्राह्मी, अश्वगंधा ही नावं आता सगळ्यांना पाठ आहेत. मला लिहायचं आहे ते अद्रकीबद्दल, कारण कन्नड तालुक्यात पिशोरच्या शिवारात ती या दिवसांत उभी असते. मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर बेणं लावायचं, ठिबक जोडायचं आणि पावसाळाभर कंदाला सड लागू नये म्हणून जिवाचं रान करायचं, असं हे खर्चिक पीक.

ओल्या अद्रकीचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉलचा. कंद वाळवला की त्यातून पाण्याचा एक रेणू निसटतो आणि शोगाओल तयार होतं. सुंठ ओल्या अद्रकीपेक्षा झणझणीत लागते ती त्यामुळेच. संशोधकांचा डोळा आहे तो याच शोगाओलवर. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. अल्झायमरमध्ये त्या सतत चवताळलेल्या राहतात, सूज वाढते आणि धडधाकट चेतापेशीही त्यात भरडल्या जातात. कोरियात 2014 साली स्मृतिभ्रंश घडवलेल्या उंदरांना शोगाओल दिलं, तेव्हा सूज उतरली आणि स्मरणही सुधारलं. त्याआधी, 2012 साली, थायलंडमध्ये 60 निरोगी मध्यमवयीन महिलांवर दोन महिने अद्रकीच्या अर्काची चाचणी झाली होती. अर्क घेतलेल्यांची तात्पुरतं लक्षात ठेवण्याची क्षमता वाढलेली दिसली.

हे वाचून उमेद वाटते, मलाही वाटली. पण त्या महिला आजारी नव्हत्या. शिवाय या आजारात मेंदूतले बदल लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतात. त्यापुढे दोन महिने ते किती!

हळदीचा अनुभव तर समोरच आहे. काचपात्रात आणि उंदरांत तिच्यातल्या करक्युमिननं कमाल केली. मग कॅलिफोर्नियात अल्झायमरच्या 36 रुग्णांवर 24 आठवड्यांची चाचणी झाली. 2012 साली तिचा निष्कर्ष आला, तो फायदा दिसला नाही असा. पोटात गेलेलं करक्युमिन रक्तात फारसं उतरतच नाही.

म्हणून वनस्पतींना मोडीत काढायचं का? मुळीच नाही. अल्झायमरवर आज दिलं जाणारं गॅलँटामाइन हे औषध मुळात स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कंदातूनच हाती लागलं. अमेरिकेत त्याला 2001 साली मान्यता मिळाली. ते आजार बरा करत नाही, काही काळ लक्षणं सौम्य करतं. पण कंदापासून गोळीपर्यंतची वाट अनेक दशकांची होती आणि माणसांवरच्या चाचण्यांतूनच गेली. अद्रकीलाही तीच वाट चालावी लागेल.

तोवर काय? देशात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आहे आणि तिथंच 'वय झालं आता' म्हणून विषय संपवला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. रोजच्या शेतातून घरी येताना आजोबा वाट चुकले, आजीनं भाजीत दोनदा मीठ घातलं आणि हे वारंवार होऊ लागलं, तर डॉक्टर गाठा. बी-12ची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाडही असाच दिसतो आणि त्यावर उपचार आहेत. रक्तदाब, साखर आणि कमी झालेलं ऐकू येणं याकडे चाळिशीपासूनच लक्ष हवं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024च्या अहवालानुसार अशी 14 कारणं आटोक्यात ठेवली, तर जवळपास 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल.

चहातली अद्रक खुशाल चालू ठेवा. अर्काच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, विशेषतः रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर.