इंग्रजीतला पॅसिव्ह व्हॉइस आणि आपला कर्मणी प्रयोग

(इयत्ता चौथी)



पॅसिव्ह व्हॉइस हा धडा मोठ्या वर्गात येतो. नाव ऐकूनच भीती वाटते. पण आपल्या वावरातलं वाक्य घेतलं तर तो चौथीतही कळतो. हे वाक्य पाहा :

माय कापूस वेचते.

वेचणारी कोण? माय. म्हणून माय हा कर्ता. काय वेचते? कापूस. म्हणून कापूस हे कर्म. 'वेचते' हे क्रियापद. इंग्रजीत म्हणतात, 'मदर पिक्स कॉटन.' इथे 'पिक' म्हणजे वेचणे. आपले शेतातले पीक नव्हे बरं का!

मराठीत 'कापूस माय वेचते' असं उलटं बोललं तरी कोणी फसत नाही. इंग्रजीत तसं चालत नाही. 'कॉटन पिक्स मदर' म्हटलं तर कापूसच मायला वेचतो असा अर्थ होतो! कारण या वाक्यात जो आधी उभा राहील तो करणारा. म्हणून कापूस पुढे आणायचा असेल तर क्रियापदाचं रूप बदलावं लागतं. तोच पॅसिव्ह व्हॉइस.

तो असा करावा :

१) कर्म पुढे आणा.
२) मग 'ॲम, इज, आर' यांपैकी एक लावा. काम झालेलं असेल तर 'वॉज, वेअर'. उद्याचं असेल तर 'विल बी'.
३) क्रियापदाचं तिसरं रूप घ्या. जसे : ईट, एट, ईटन. यातलं 'ईटन' तिसरं.
४) कर्ता शेवटी न्या व त्याच्या आधी 'बाय' लावा. 'ही'चे 'हिम' होते, 'वी'चे 'अस' होते.

झालं वाक्य : कॉटन इज पिक्ड बाय मदर.

ज्या वाक्यात कर्मच नाही त्याचा पॅसिव्ह होत नाही. 'द बेबी स्लीप्स', म्हणजे बाळ झोपते. पुढे आणायचं काय?

आता एक गंमत. 'बकरीने पुस्तक खाल्ले.' 'बकरीने भाकर खाल्ली.' 'बकरीने पाला खाल्ला.' बकरी एकच, पण क्रियापद कर्माप्रमाणे बदललं. हा आपला कर्मणी प्रयोग. पण इंग्रजीत 'द गोट एट द बुक' हे साधं वाक्य आहे, पॅसिव्ह नाही. म्हणून मराठीत 'ने' दिसला की लगेच 'बाय' लावू नये. 'द बुक वॉज ईटन बाय द गोट' याचं मराठी 'बकरीकडून पुस्तक खाल्ले गेले' असं होतं. याला व्याकरणात नवीन कर्मणी म्हणतात. इंग्रजीच्या वळणाने तो मराठीत आला. पण घरी असं कोणी बोलत नाही.

मग पॅसिव्ह कशाला पाहिजे? करणारा माहीत नसला किंवा सांगायची गरज नसली तर तो उपयोगी पडतो. 'सायकल चोरली गेली.' चोर कोण ते माहीत नाही. 'दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले.' छापणाऱ्याचं नाव इथे नको. वसंतराव नाईक आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. त्यांचा जन्म १ जुलै १९१३ चा. इंग्रजीत 'ही वॉज बॉर्न' म्हणतात, तोही पॅसिव्हच! तो दिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून 'साजरा केला जातो'.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. पॅसिव्हमध्ये 'बाय'चा तुकडा गाळला तरी वाक्य पूर्ण राहतं. 'यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचला जातो.' वाक्य बरोबर आहे, पण वेचणारी माय त्यातून निघून गेली. पऱ्हाटीत दिवसभर वाकून एक एक बोंड वेचणाऱ्या साऱ्या बायाही निघून गेल्या. यवतमाळहून मूर्तिजापूरला पूर्वी जाणारी शकुंतला रेल्वे इंग्रजांच्या काळात कापूस नेण्यासाठी 'बांधली गेली', असं आपण वाचतो. माती कोणी वाहिली, रूळ कोणी उचलले, ते त्या वाक्यात नाही.

पालकांनो, नोटिसांमध्येही असंच असतं. 'काम करण्यात येईल', 'पाणी सोडण्यात येईल' असं लिहिलेलं दिसलं तर विचारावं, कोण करील? केव्हा करील? व्याकरण आपल्याला हा प्रश्न विचारायला शिकवतं.

सांगा पाहू! यांचा पॅसिव्ह करा :

१) फादर मिल्क्स द काऊ.
२) वी वॉटर द ट्रीज.
३) द डॉग चेज्ड द कॅट.

उत्तरे : १) द काऊ इज मिल्क्ड बाय फादर. २) द ट्रीज आर वॉटर्ड बाय अस. ३) द कॅट वॉज चेज्ड बाय द डॉग.